खाट खिडकीजवळ घ्या

पहिल्या रोजाचा दिवस. मिरजेत दुपारचे साडेतीन वाजले होते. दर्ग्यापासून थोड्या अंतरावरच्या मोहल्ल्यात तंबोरे तयार करणाऱ्या एका कारागिराचं घर आहे. पुढच्या खोलीत काम चाललेलं, आतल्या खोलीत विश्रांतीसाठी अंधार केलेला. त्या अंधारातून एकदम तांब्या पडल्याचा आवाज आला. सून धावत गेली तर सासूबाई खाटेच्या कडेला बसलेल्या, अंग घामाने भिजलेलं, हात थरथरत होते. काही विचारलं तर बोलणं अडखळत होतं.

मोहल्ल्यात सगळे त्यांना खालाजान म्हणतात. वय त्रेसष्ट. त्यांचं पित्ताशय काढून अजून दोन आठवडेही झाले नव्हते. दुर्बिणीतून सुरू झालेली शस्त्रक्रिया आत पू निघाल्यामुळे पोट उघडून पूर्ण करावी लागली होती. टाके दोनच दिवसांपूर्वी निघाले होते. त्यात दहा वर्षांचा मधुमेह. रोजा धरायचा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं. पण सहेरीच्या वेळी घरात लगबग सुरू झाली तेव्हा खालाजाननी अंधारातच एक खजूर खाल्ला, साखरेची गोळी घेतली, पाणी प्यायलं आणि मनातल्या मनात नियत केली. सकाळचा नाश्ता त्यांनी उशीमागे ठेवला, दुपारची पेज मोरीत ओतली.

धाकट्या नातवाने शुगर तपासायचं मशीन आणलं. आकडा ५४ होता. तोंडात साखरेचं पाणी घातलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, डॉक्टरांना फोन झाला. संध्याकाळपर्यंत त्या सावरल्या. पण इफ्तारच्या वेळी घरातल्या कुणाच्याच घशाखाली घास नीट उतरला नाही. खालाजान भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. एवढंच म्हणाल्या, ‘‘चाळीस वर्षांत एक रोजा सोडला नाही. आता सगळी लेकरं उपाशी असताना मी एकटी खात बसू?’’

रमजानच्या महिन्यात हा प्रश्न अनेक घरांत असतो. कुणाचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं असतं, कुणाच्या गुडघ्याची वाटी बदललेली असते, कुणाचं सिझेरियन झालेलं असतं. मिरजेला तर या गोष्टी नवीन नाहीत. डॉ. विल्यम वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे रुग्णालय सुरू केलं तेव्हापासून सांगली-कोल्हापूरच नव्हे, तर कोकण आणि कर्नाटकातूनही लोक ऑपरेशनसाठी या गावात येतात. ऑपरेशन एक-दोन तासांचं असतं. त्यानंतरचे दिवस मात्र घरातच काढायचे असतात, आणि माणूस बरा कसा होतो याचा बराचसा निकाल तिथेच लागतो.

मुभा नाकारणं ही इबादत नव्हे

दुसऱ्या दिवशी मशिदीचे मौलाना विचारपूस करायला आले. आजाऱ्याला भेटायला जाणं, म्हणजे इयादत, ही सुन्नत आहे. ते उंबऱ्यापाशीच खुर्ची घेऊन बसले. त्यांनी रागावून काही सांगितलं नाही. कुरआनात ज्या ठिकाणी रमजानच्या रोजांचा हुकूम आहे, तिथेच, सूरह अल-बकराच्या १८४ आणि १८५ क्रमांकाच्या आयतींमध्ये, आजारी माणसाला आणि प्रवाशाला ते रोजे नंतरच्या दिवसांत पूर्ण करण्याची मुभा आहे, याची त्यांनी आठवण करून दिली. जो बरा होणार आहे त्याने पुढे कजा करावी, म्हणजे राहिलेले रोजे भरून काढावेत. ज्याच्या बरं होण्याची आशाच नाही, त्याने रोजाऐवजी फिदिया म्हणून गरिबाला जेवू घालावं.

‘‘खालाजान, हुकूम ज्याचा आहे, सवलतही त्याचीच आहे,’’ ते म्हणाले. ‘‘एक मानायची आणि दुसरी परत करायची, असं कसं चालेल? तुम्हाला कजा आहे. म्हणजे तुम्ही बऱ्या होणार आहात, असं समजा.’’

नमाजही बसून किंवा पडून, इशाऱ्याने पढता येते आणि पट्टीवर पाणी न घालता ओला हात फिरवला तरी चालतो, हे त्यांनी सांगितलं. दहा मिनिटांत ते उठले. इयादत थोडक्यात करावी, रुग्णाला थकवू नये, हाही त्याच शिकवणीचा भाग आहे. आपल्याकडे, मग घर कोणत्याही धर्माचं असो, हा भाग लोक विसरतात. ऑपरेशन झालेल्या माणसाभोवती आठ-दहा जण तासभर बसतात आणि आपल्या ओळखीतल्या कुणाचे टाके कसे चिघळले, हे रंगवून सांगतात.

आत काय चाललेलं असतं

टाके निघाले की जखम भरली, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तेव्हा फक्त वरची कातडी जुळलेली असते. पहिल्या काही दिवसांत शरीर जखमेची साफसफाई करतं. मग काही आठवडे नवीन पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या तयार होतात. त्यानंतर कित्येक महिने आतले धागे पक्के होत राहतात. पूर्ण भरलेला व्रणही मूळ कातडीच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंतच मजबूत होतो. म्हणूनच पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर जवळपास सहा आठवडे जड उचलू नका, असं सांगतात. पाण्याची भरलेली कळशी, गॅसचा सिलिंडर, कडेवरचं नातवंड, हे सगळं जडच.

खालाजानच्या मालकांना, ज्यांना गल्लीत मिस्त्री म्हणतात, हे लगेच पटलं. भोपळ्याला दांडी जोडल्यावर सांधा वरून सुकलेला दिसतो. पण आतला सरस पुरता वाळायच्या आधी तारा चढवल्या तर तंबोरा हातात येतो. ‘‘गिऱ्हाईक कितीही घाई करो, मी तार चढवत नाही,’’ ते बायकोला म्हणाले. ‘‘तू पण चढवू नकोस.’’

या कामासाठी शरीराला माल लागतो. नवीन पेशी बांधायला प्रथिनं हवीत, म्हणजे डाळ, दूध, दही, अंडी, मासे, ज्याला जे चालतं आणि पचतं ते. जुन्या लोकांची ‘नुसती पेज द्या, पोट नाजूक आहे’ ही सांगी पहिल्या एक-दोन दिवसांपुरती ठीक आहे. पंधरा दिवस पेजेवर ठेवलं तर जखम उपाशी राहते. मधुमेह असेल तर रक्तातली साखर आटोक्यात हवी. साखर वाढलेली राहिली की जखमेत पू होण्याचा धोका वाढतो, आणि गोळी घेऊन उपाशी राहिलं की खालाजानचं झालं तसं होतं.

दुसरी गोष्ट तंबाखूची. विडी-सिगारेटच्या धुराने फुप्फुसं आणि जखम दोन्हींना पोहोचणारा प्राणवायू कमी होतो. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. शस्त्रक्रियेच्या चार आठवडे आधी धूम्रपान सोडलं तर नंतरची गुंतागुंत कमी होते, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलं. खालाजान धूम्रपान करत नव्हत्या, पण त्यांना मिश्रीची सवय होती. मिश्री म्हणजे जाळलेला तंबाखूच. डबी सुनेने उचलून ठेवली होती, पण एक डबी गादीखाली निघाली. ती मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने गटारात टाकली.

पडून राहणं म्हणजे विश्रांती नव्हे

पूर्वी ऑपरेशननंतर रुग्णाला आठवडाभर हलू देत नसत. डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात या पद्धतीची उलटतपासणी केली. वेदना नीट आवरायच्या, नळ्या लवकर काढायच्या, खाणंपिणं लवकर सुरू करायचं आणि रुग्णाला लवकरात लवकर उभं करायचं, असा त्यांचा क्रम होता. मोठ्या शस्त्रक्रियांनंतरही माणसं पूर्वीपेक्षा बरीच लवकर घरी जाऊ लागली. आज जगभरच्या रुग्णालयांत हीच दिशा आहे.

याचं कारण साधं आहे. पडून राहिलं की पायांच्या शिरांत रक्त साकळतं, तिथे गाठ होऊ शकते आणि ती फुप्फुसात जाऊन अडकली तर जिवावर बेतू शकतं. पोटाला टाके असलेला माणूस दुखतं म्हणून खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. मग कफ साचून न्यूमोनिया होतो. म्हणून ते तीन रंगीत गोळ्यांचं यंत्र देतात, श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायचं. बहुतेक घरांत ते टेबलावर शोभेला राहतं आणि मुलं त्याच्याशी खेळतात. खोकताना पोटावर उशी दाबून धरायची, ही छोटीशी युक्तीही कुणी शिकवत नाही.

इथे वेदनाशामक गोळीचा प्रश्न येतो. ‘सवय लागेल’ या भीतीने लोक गोळी टाळतात आणि दुखतं म्हणून चालणं टाळतात. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या दिवसांपुरती आणि वेळेवर घेतलेली गोळी ही चालण्यासाठी असते.

न्यूयॉर्क, लंडनच्या प्रयोगांत न जाताही हे कळतं, पण एका जुन्या प्रयोगाची आठवण करण्यासारखी आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लॉरेन्स एगबर्ट हे भूलतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या ९७ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला आधीच नीट बसून सांगितलं, कुठे दुखेल, का दुखेल, कुशीवर कसं वळायचं, श्वास कसा घ्यायचा. दुसऱ्या गटाला यातलं काही सांगितलं नाही. ज्यांना समजावून सांगितलं त्यांना तीव्र वेदनाशामकं निम्मी लागली आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. १९६४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्या रुग्णांना जास्तीचं औषध काही मिळालं नव्हतं, फक्त चार शब्द मिळाले होते.

झाड आणि विटांची भिंत

खालाजानच्या डॉक्टर तिसऱ्या रोजाच्या संध्याकाळी स्वतः घरी आल्या. जखम पाहिली, पोट तपासलं आणि खोलीभर नजर फिरवली. खिडकी बंद, पडदा ओढलेला. त्या म्हणाल्या, ‘‘यांची खाट पुढच्या खोलीत खिडकीजवळ घ्या.’’

घरच्यांना आश्चर्य वाटलं. पण या सल्ल्यामागेही एक गाजलेला अभ्यास आहे, आणि तोही पित्ताशयाच्याच रुग्णांचा. अमेरिकेतील रॉजर उलरिक यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ या काळातल्या नोंदी तपासल्या. एकाच प्रकारच्या खोल्या होत्या. काही खाटांवरून खिडकीतून झाडं दिसत, काहींवरून विटांची भिंत. वय, आजार वगैरे जुळवून रुग्णांच्या २३ जोड्या लावल्या. झाडं पाहणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली आणि परिचारिकांनी त्यांच्याविषयी केलेल्या तक्रारवजा नोंदीही कमी होत्या. १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे छापून आलं. अभ्यास छोटा होता, पण त्याने जगभर रुग्णालयं बांधणाऱ्यांना खिडकीचा विचार करायला लावला.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हती असं नाही. सुश्रुतसंहितेत जखमी माणसाच्या देखभालीवर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्याची खोली स्वच्छ असावी, ऊन आणि जोराचा वारा लागू नये, प्रिय माणसांनी जवळ बसून गोड गोष्टी सांगाव्यात, असं त्यात आहे. तुर्कस्तानातल्या एदिर्ने शहरात सुलतान दुसरा बायझीद याने १४८८ मध्ये पूर्ण केलेल्या रुग्णालयात कारंज्याच्या पाण्याचा आवाज रुग्णांच्या कानी पडे आणि वादक येऊन त्यांच्यासाठी वाजवत, असं सतराव्या शतकातला प्रवासी एवलिया चेलेबी याने लिहून ठेवलं आहे. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सत्तरहून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. शस्त्रक्रियेच्या आधी, दरम्यान किंवा नंतर संगीत ऐकलेल्या रुग्णांना वेदना आणि काळजी कमी जाणवली, असं त्यात दिसलं. रुग्णालयातले दिवस मात्र त्याने कमी झाले नाहीत, हेही त्यात प्रामाणिकपणे नोंदलं आहे.

खाट पुढच्या खोलीत आली. खिडकीबाहेर शेजारच्या अंगणातला कडुनिंब, खाली गल्ली, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला तंबोरा जुळवत बसलेले मिस्त्री. चाळीस वर्षं ज्या आवाजाकडे खालाजाननी लक्ष दिलं नव्हतं, तो आता त्या तासन् तास ऐकू लागल्या.

दुपारचं जेवण

तरीही एक अडचण राहिलीच होती. खाणं पुढे आलं की त्यांचा हात थांबायचा. घरात बारा वर्षांची नात रोजा धरून शाळेतून येते आणि आपण तिच्यासमोर वाटी घेऊन बसायचं, ही शरम गोळीने जाणारी नव्हती.

ती अडचण कडुनिंबवाल्या अंगणातून सुटली. शेजारच्या वहिनी एक दिवस दुपारी बारा वाजता डबा घेऊन आल्या. त्यात मुगाची खिचडी, कढी आणि दोन उकडलेली अंडी होती. त्या म्हणाल्या, ‘‘भाभी, आमच्याकडे सगळे कामावर जातात. मलाही एकटीला जेवण जात नाही. तुम्ही जेवलात तर मी जेवेन.’’ दोन ताटं घेऊन दोघी बसल्या. खालाजान त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्या.

मग तो नेमच झाला. रोज बाराला वहिनी येत. जेवण झालं की दोघी हळूहळू गल्लीच्या टोकापर्यंत चालून येत. पहिल्या दिवशी तीन घरं, आठवड्याने मशिदीचा कोपरा. सोमवारी वहिनींचा उपवास असे, त्या दिवशी त्यांच्या ताटात साबुदाण्याची खिचडी आणि भाभींच्या ताटात भाकरी-डाळ.

जो सांभाळतो त्यालाही जपा

या सगळ्यात एका व्यक्तीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सून पहाटे साडेतीनला उठून सहेरी करायची, सासूच्या गोळ्या सांभाळायची, पट्टी बदलायला नेऊन आणायची, संध्याकाळी इफ्तार, रात्री तरावीहहून परतणाऱ्यांचं जेवण, आणि मधे स्वतःचा रोजा.

अमेरिकेतल्या संशोधक जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांनी १९९५ मध्ये एक वेगळीच तपासणी केली होती. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची दीर्घकाळ सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या तितक्याच स्त्रिया निवडल्या. सर्वांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची अगदी लहान जखम केली. सेवा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. मनावरचा ताण असा कातडीपर्यंत पोहोचतो. तो रुग्णाचा असो की रुग्णाजवळ जागणाऱ्याचा.

ही गोष्ट डॉक्टरांनी जाता जाता घरच्यांच्या कानावर घातली. दुसऱ्या दिवसापासून थोरल्या मुलाने सहेरीचा चहा आणि अंडी आपल्याकडे घेतली, मिस्त्रींनी गोळ्यांचा डबा. सुनेला दुपारी दोन तास झोप मिळू लागली. बरं होणं हे घरात वाटून घ्यायचं काम आहे, हे त्या घराला रमजानात कळलं.

समाजालाही ते कधीकाळी ठाऊक होतं. कैरोमध्ये सुलतान कलावून याने १२८४ मध्ये उभारलेल्या रुग्णालयाबद्दल इतिहासकार सांगतात की, घरी जाणाऱ्या रुग्णाच्या हाती काही पैसे ठेवले जात. अंगात पुरतं बळ येण्याआधीच पोटासाठी त्याने कामाला जुंपून घेऊ नये, हा हेतू. खर्च वक्फमधून होई. आज हमालाचं, रिक्षावाल्याचं, धुणीभांडी करणाऱ्या बाईचं ऑपरेशन सरकारी योजनेतून फुकट होतं, पण त्यानंतरच्या सहा आठवड्यांची मजुरी कोण देणार? टाके ओले असताना ओझं उचलणारी माणसं आपल्याच गल्लीत असतात. जकात आणि दान कुठे द्यावं, याचा विचार या महिन्यात घराघरांत होतो. अशा घरातला महिनाभराचा किराणा हाही त्याचा एक चांगला धनी आहे.

घरी जपताना काही खुणा मात्र दुर्लक्षू नयेत. ताप येणं, जखम लाल होऊन गरम लागणं किंवा तिच्यातून पू येणं, उलट्या न थांबणं, डोळे पिवळे दिसणं, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप लागणं, यातलं काहीही दिसलं की हळद किंवा राख न लावता, नवस किंवा तावीजवर न थांबता डॉक्टरकडे जावं. दुआ वाटेत करता येते.

कजा

ईदच्या सकाळी खालाजान न्हाऊन खिडकीजवळ बसल्या. शस्त्रक्रियेला सहा आठवडे झाले होते. शिरखुर्म्याचं पातेलं उचलायला त्या उठल्या तशी नात ओरडली, ‘‘दादी, जड!’’ मग त्यांनी नुसता डाव हाती घेतला. त्यांच्यासाठी बिनसाखरेची वाटी वेगळी काढली होती. पहिली वाटी भिंतीपलीकडे गेली.

पुढच्या तपासणीला त्यांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, रोजे कधीपासून धरू? डॉक्टर म्हणाल्या, पावसाळा संपू दे, साखर तीन महिने नीट राहू दे, मग थंडीतल्या लहान दिवसांत, गोळ्यांच्या वेळा माझ्याकडून बदलून घेऊन, आठवड्यातून एक धरून पाहा.

खालाजाननी वहिनींना विचारून वार ठरवला आहे. सोमवार. त्या दिवशी दुपारी बाराला दोन्ही घरांत ताट मांडलं जाणार नाही.